रिपोर्टमधल्या ‘हर-टू’मागचा इतिहास

नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजला, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली, की हाती येणाऱ्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआरच्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी पेशीतली प्रथिने) खाली ‘हर-टू’ असते. हर-टू हाही असाच एक रिसेप्टर; पेशींवर तो किती आहे, त्यानुसार पुढे 0, 1+, 2+ किंवा 3+. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेल्या बाईचे पुढचे उपचार या आकड्यावर बरेच अवलंबून असतात.

याची सुरुवात उंदरांपासून झाली. अमेरिकेत सेंट लुईसला रीटा लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन मज्जातंतूंच्या वाढीवर काम करत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर दोन आठवड्यांनी उघडणारे डोळे आठवडाभरातच उघडायचे आणि दातही लवकर यायचे. दुसऱ्या कुणी हा टोचणीचा दुष्परिणाम म्हणून सोडून दिला असता. कोहेन त्याच्या मागे लागले आणि 1962 साली त्यांनी तो पदार्थ वेगळा केला: एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ, पेशींना वाढायला सांगणारा एक वाढघटक. 1986 चे नोबेल दोघांना मिळाले.

स्तनाच्या वाढीचे श्रेय आपण इस्ट्रोजेनला देतो, पण ते एकटे पुरत नाही. पिट्युटरीचे ग्रोथ हार्मोन लागते आणि ते आयजीएफ-1 या दुसऱ्या वाढघटकामार्फत काम करते. उंदरांमध्ये दिसले ते तर फारच विलक्षण आहे. इस्ट्रोजेन मिळाले की दुधाच्या नलिकेतल्या पेशी अॅम्फिरेग्युलिन हा ईजीएफच्याच कुळातला वाढघटक सोडतात. ते शेजारच्या आधारपेशींवरच्या ईजीएफ रिसेप्टरला जाऊन लागते, मग त्या पेशी उलट आपले वाढघटक पाठवतात आणि नलिका पुढे सरकते. वयात येताना होणारी ही वाढ अशा देवाणघेवाणीवर चालते, आणि ती वेळेवर थांबतेही.

कर्करोगात नेमके हे थांबणेच बिघडते. ईजीएफ रिसेप्टरचा भाऊबंद असलेला हर-टू स्वतःचा असा कुठलाही घटक पकडत नाही, इतर रिसेप्टरशी जोडी जमवतो. त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या, की पेशीवर हर-टूची गर्दी होते आणि निरोप नसतानाही वाढ चालू राहते. 1987 साली डेनिस स्लॅमन यांच्या गटाने 189 गाठी तपासल्या. जवळपास 30 टक्के गाठींत या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटत होता. आज हे प्रमाण 15 ते 20 टक्के धरतात.

1998 मध्ये हर-टूला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. औषध होते, पण विदर्भातल्या बहुतेक घरांना ते झेपणारे नव्हते. 2014 च्या सुरुवातीला भारतीय बनावटीचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते जैविक औषध, आले, तेव्हा कुठे किंमत थोडी खाली आली.

3+ आले तर हे औषध लागू पडू शकते. 2+ ला मात्र निर्णय होत नाही, हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट करावी लागते. पैसे किंवा फेरी वाचवायला ती राहून गेली, तर बाई हक्काच्या औषधाला मुकू शकते. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो. फिश सहसा त्याच्यावरच होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.