हॉटेल बदलायचा दिवस : टोकियो ते क्योतो

आमच्या जपानच्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या दिवसासमोर एकच ओळ आहे : टोकियोहून क्योतोला प्रयाण. ती वाचून निम्मे ग्राहक तरी फोन करतात. "अहो, सव्वादोन तासांचा तर प्रवास. बाकीचा दिवस मोकळा का सोडलात? तेवढ्यात एखादं देऊळ होईल की!" होणार नाही. का होणार नाही, ते सांगायला हे पत्रक.

शिंकानसेन म्हणजे जपानची बुलेट ट्रेन. तिच्यातली सर्वांत जलद नोझोमी गाडी टोकियोहून क्योतोला सव्वादोन तासांत पोचवते हे खरं. हिकारीला जरा जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक स्टेशनावर थांबणारी कोदामा आपल्या कामाची नाही. हा मार्ग १ ऑक्टोबर १९६४ला सुरू झाला. टोकियो ते शिन-ओसाका ५१५ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे होऊ घातलेल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या अंतराएवढंच. गाडीचा भरवसा आम्ही देतो. पण एका हॉटेलच्या खोलीला कुलूप लावल्यापासून दुसऱ्या हॉटेलात पाय पसरेपर्यंत सहा तास धरा. आजी-आजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर सात. क्योतोची खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या आधी मिळत नाही, तेव्हा घाई करून फायदाही नाही.

बॅगा

चौघांच्या चार मोठ्या बॅगा घेऊन टोकियोतल्या गर्दीच्या शिंजुकू स्टेशनात शिरू नका. सकाळी साडेसात ते साडेनऊ तर मुळीच नको. आमचे मुंबईकर ग्राहक हसतात, विरार लोकल पचवलेल्यांना हे काय सांगता म्हणून. पण विरार लोकलमध्ये आपण २८ इंची बॅग घेऊन चढत नाही.

जपानी लोक स्वतः काय करतात? बॅग पुढे पाठवून देतात. या सेवेला तक्क्युबिन म्हणतात. काळ्या मांजरीचं चित्र असलेल्या गाड्या रस्त्यात दिसतील, त्या यामातो कंपनीच्या. त्यांनी १९७६ साली हे घरपोच काम सुरू केलं. आदल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, दुसऱ्या दिवशी ती क्योतोच्या हॉटेलात पोचते. आकारमानाप्रमाणे बॅगेमागे साधारण दोन ते तीन हजार येन पडतात. चार बॅगांचा हिशेब केला की पोटात गोळा येतो, म्हणून दोन मोठ्या पाठवा आणि दोन लहान बरोबर ठेवा.

फॉर्मवर नाव लिहिताना मात्र सांभाळा. आमच्या एका ग्राहक कुटुंबाचं बुकिंग बाईंच्या नावावर होतं आणि फॉर्म भरला यजमानांनी, स्वतःच्या नावाने. क्योतोच्या काउंटरवर त्या नावाचा पाहुणाच नव्हता. बॅगा मागच्या खोलीत सुखरूप होत्या, पण त्या सापडेपर्यंत अर्धा तास गेला आणि दोघांत काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. बुकिंग ज्याच्या नावावर, त्याचंच नाव, पासपोर्टमधल्या स्पेलिंगने.

औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि एक दिवसाचे कपडे पाठीवरच्या पिशवीत. आमच्याच सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या एकदा त्यांच्याआधी क्योतोला निघाल्या होत्या.

मोठी बॅग गाडीत न्यायचीच असेल तर घरी टेप घेऊन मोजा. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर डब्यातल्या शेवटच्या रांगेमागच्या जागेसकट आसन राखून ठेवावं लागतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. २८ इंची बॅग चाकं धरून मोजली की या रेषेच्या आसपासच भरते. आधी कळवा, आम्ही तशीच आसनं घेऊ.

तिकिटं

माणशी बहुधा दोन कागद हातात पडतात : एक मूळ भाड्याचं तिकीट, दुसरं जलद गाडीचं. शिंकानसेनच्या फाटकात दोन्ही एकावर एक ठेवून एकदम सरकवायची. मशीन ती गिळतं आणि पुढच्या टोकाला परत देतं. ती उचलायला विसरणं हा या दिवसाचा सर्वांत नेहमीचा घोटाळा. पुढे मुलगा पळत असतो, मागे रांग असते आणि तिकीट तिथेच राहतं. घरातल्या एकाच शांत माणसाकडे सगळ्यांची तिकिटं द्या आणि फाटकापलीकडे गेल्यावर मोजून घ्या. (शांत माणूस कोण, हे घरीच ठरवून या.)

एक फायद्याची गोष्ट. क्योतोच्या छापील तिकिटातलं मूळ भाडं टोकियोच्या २३ प्रभागांतल्या कोणत्याही जेआर (जपान रेल्वे) स्टेशनापासून लागू असतं. म्हणजे शिंजुकूहून टोकियो स्टेशनपर्यंतची जेआर लोकल त्यातच येते. मात्र शिंजुकूलाच हे तिकीट वापरून आत शिरायचं, सुईका (लोकल-मेट्रोचं पैसे भरून ठेवायचं कार्ड) टेकवायचं नाही. मेट्रोला ही सोय नाही आणि मोबाइल ॲपवरून घेतलेल्या तिकिटालाही नाही.

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. सहाच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग आसनही नाही, मांडीवर घ्या. पाच वर्षांचं धष्टपुष्ट पोर सव्वादोन तास मांडीवर घेतल्यावर काय होतं ते अनुभवाने सांगतो : त्याचंही अर्धं तिकीट काढा.

टोकियो स्टेशन

इथे शिंकानसेनची दोन वेगळी घरं आहेत. हिरव्या पाट्या उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या, निळ्या पाट्या आपल्या. आपले फलाट १४ ते १९. गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनात या. त्यातली वीस मिनिटं चालण्यात जातात आणि उरलेली खाणं घेण्यात.

खाणं फलाटावर जायच्या आधीच घ्या, कारण या मार्गावरच्या साध्या डब्यांत खाऊची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३पासून बंद आहे. शाकाहारी मंडळींचे इथे हाल होतात. मासा नको, अंडं नको असं सांगून घेतलेल्या डब्यातली भाजीसुद्धा बहुधा सुक्या माशाच्या पाण्यात शिजवलेली असते. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडीच्या वड्या न्या. शिंकानसेनमध्ये खाण्याला कुणाची हरकत नसते, लोकलमध्ये मात्र खात नाहीत. गाडीच्या बंद डब्यात लसणीची चटणी उघडू नका एवढंच. आंबे आणि कढीपत्ता घरीच राहू द्या. ताजी फळं-भाज्या तपासणीच्या दाखल्याशिवाय जपानात नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थ तर नाहीतच.

गाडीत

क्योतोकडे जाताना फुजी पर्वत उजव्या हाताला, ई अक्षराच्या खिडकीतून, निघाल्यापासून साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी. हिवाळ्यात सकाळी दिसण्याची आशा जास्त. जूनमध्ये ढगच दिसतील, त्याबद्दल आमच्याकडे पैसे परत मागू नयेत.

गाडी चुकली तर घाबरायचं कारण नाही. राखीव आसन गेलं, पण तेच तिकीट त्या दिवशीच्या पुढच्या गाडीच्या बिनराखीव डब्यात चालतं. एप्रिलअखेरची सुट्टी, ऑगस्टमधला ओबोन (पितरांचा सण) आणि नववर्ष या दिवसांत नोझोमीचे सगळेच डबे राखीव असतात, तेव्हा हिकारी बघा. आणि गाडीच दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली, तर जलद गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात. ते तिकीट फेकू नका.

खरी मेख उतरण्यात आहे. क्योतो हे शेवटचं स्टेशन नाही. गाडी तिथे एक-दोन मिनिटं थांबते आणि चालू लागते. आमच्या पहिल्या खेपेला थोरला गाढ झोपलेला, धाकटीचा एक बूट आसनाखाली आणि सासऱ्यांनी नेमकं तेव्हाच हात धुवायला जायचं काढलं. दार आमच्या डोळ्यांदेखत मिटलं. पंधरा मिनिटांनी शिन-ओसाका आलं. तिथल्या फलाटावरच्या कर्मचाऱ्याला तिकिटं दाखवली, झोपलेल्या मुलाकडे बोट केलं. त्याने मान लववली आणि परतीच्या गाडीपाशी नेऊन सोडलं. बाहेरच्या फाटकातून निघायच्या आधीच कर्मचाऱ्याला गाठलंत तर असं सहसा निभावतं. तरी नागोया गेलं की गजर लावा. तिथून क्योतो जेमतेम पस्तीस मिनिटं.

क्योतोत उतरल्यावर

शिंकानसेनच्या बाजूचं दार हाचिजो, म्हणजे दक्षिणेचं. बस आणि क्योतो टॉवर पलीकडे, कारासुमा दाराला. मोठी बॅग घेऊन सिटी बसमध्ये चढू नका. हात मोकळे असतील तर मागच्या दाराने चढा, पुढच्या दाराने उतरा आणि पैसे उतरताना द्या : मोठ्यांना २३०, मुलांना १२० येन. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं-मिटतं, ओढू नका.

पुढे ओसाका

क्योतोहून ओसाकाची शिनकायसोकु (मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी जलद लोकल) गाडी अर्ध्या तासाची, आरक्षण नको. ओसाका आणि शिन-ओसाका ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, हॉटेल कुठल्या जवळ ते पाहून उतरा. गुलाबी खुणेचा डबा बायकांचा. काही मार्गांवर दिवसभर. परतीच्या दिवशी कान्साई विमानतळाच्या जलद लोकलने जाणार असाल तर डब्याचा नंबर बघूनच बसा. हिनेनो स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात. १ ते ४ नंबरचे डबे विमानतळाला जातात आणि बाकीचे वाकायामाकडे.

काही अडलं तर फोन करा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तुमचे सकाळचे आठ हे आमचे पहाटेचे साडेचार. तरी करा. फोन उशाशीच असतो.