संगणकातला ओला कागद

टेबलावर सांडलेला चहाचा थेंब तसाच वाळू दिला, तर मागे एकसारखा तपकिरी ठिपका राहत नाही. मध्ये फिकट रंग राहतो आणि कडेला गडद रेघ उमटते. इमारतींच्या जलरंगातल्या चित्रांत हीच रेघ छज्ज्याच्या सावलीच्या काठाला दिसते, कौलांवरच्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हाताच्या, कडेलाही दिसते. ती दिसली की हे हाताने रंगवलंय हे डोळा लगेच ओळखतो. गंमत अशी की आज टॅब्लेटवर काढलेल्या चित्रातही ती रेघ असते, आणि तिथे तर पाण्याचा थेंबही नसतो.

थेंबाची कडा पृष्ठभागाला घट्ट धरून बसते. कडेला पाण्याची वाफ लवकर होते, ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि येताना रंगाचे कण घेऊन येतं. पाणी उडून जातं, कण तिथेच साचतात. कॉफीच्या डागावरून शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे स्पष्टीकरण १९९७ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. त्याच वर्षी कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी जलरंगाचं संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यांनी रंगाचा एकच थर न मानता तीन मानले: कागदावर वाहणारं उथळ पाणी, कागदाला चिकटलेला रंग आणि कागदाच्या धाग्यांतून केशाकर्षणाने पसरणारा ओलावा. कागदसुद्धा सपाट धरला नाही. त्याला बारीक डोंगर-दऱ्या दिल्या. खरखरीत कागदावर अल्ट्रामरीन निळ्याचे कण खळग्यांत बसून जो दाणेदारपणा येतो, तो या दऱ्यांमुळे आपोआप उमटतो. चिकटवलेला पोत आणि घडू दिलेला पोत यांतला फरक मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

रंग मिसळण्यातही अशीच एक अडचण होती. पडद्यावरचा शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली तर करडा रंग येतो. शाळेतल्या रंगपेटीत मात्र त्यांचा हिरवा होतो, कारण निळी पूड लाल प्रकाश शोषते, पिवळी पूड निळा शोषते आणि दोघींच्या तावडीतून हिरवाच तेवढा सुटतो. प्रत्येक रंगद्रव्य किती प्रकाश शोषतं आणि किती विखुरतं, या दोन आकड्यांवरून थराचा रंग सांगणारं गणित कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्येच दिलं होतं. पण रोजच्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरसाठी ते जड पडायचं. २०२१ मध्ये सोखोरोवा आणि यामरिश्का यांनी ते नेहमीच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत सहज बसवून दाखवलं. ‘रेबेल’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आज झाडीचा हिरवा खऱ्या पॅलेटसारखा मिसळता येतो, त्यामागे हेच गणित आहे.

रेषेची गोष्ट वेगळी. सरळ रेषेच्या प्रत्येक बिंदूला मनमानी धक्का दिला तर काटेरी तार तयार होते, हाताची रेषा होत नाही. हात हळूहळू ढळतो, डोळ्याला ते कळतं, मग तो परत वळतो. म्हणजे एका बिंदूचा ढळ शेजारच्या बिंदूशी जोडलेला असतो. असा सलग, गुळगुळीत चढउतार केन पर्लिन यांच्या १९८५ सालच्या ‘नॉइज’ पद्धतीने मिळतो. शिवाय हाताची रेषा सगळीकडे सारखी जाड नसते. दाब मोजणारं पेन तो फरक पकडतं. काही पेनांत दाबाच्या ८१९२ पातळ्या असतात, आणि वॅकॉम कंपनीच्या पेनाला बॅटरीही लागत नाही: टॅब्लेटच्या पाटीतल्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनातल्या वेटोळ्याला ऊर्जा मिळते. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये उभारलेल्या इमारतीच्या त्रिमितीय प्रारूपाच्या कडांना ‘हाताची’ शैली लावता येते, पण सगळ्या चित्रभर एकाच मापाने थरथरणारी रेषा मला लगेच ओळखू येते. माणूस खिडकीच्या चौकटीपाशी सावध होतो आणि झाडाच्या पानांत मोकळा सुटतो. म्हणूनच प्रारूपाची प्रत खालच्या लेयरवर फिकट ठेवून, वरच्या लेयरवर स्वतःच्या हाताने गिरवणं मला जास्त खरं वाटतं. पूर्वी ट्रेसिंग पेपर हेच काम करायचा.

आरशासारखं लखलखीत रेंडर, म्हणजे संगणकाने बनवलेलं फोटोसारखं चित्र, मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. १९९६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वास्तुरचनाकारांना आणि विद्यार्थ्यांना एकाच इमारतीची वेगवेगळ्या धाटणीची चित्रं दाखवली. अंतिम सादरीकरणासाठी नेटकं संगणकीय चित्र बरं, पण सुरुवातीच्या आराखड्यासाठी स्केचसारखं हवं, असा त्यांचा कल होता. मला हे अगदी पटतं. रेंडरमध्ये फरशीचा रंगसुद्धा ठरलेला दिसतो, त्यामुळे घरमालक फरशीवरच बोलत बसतो. कच्च्या रेषेत जिना अजून हलवता येईल असं त्याला वाटतं, आणि तो जिन्याबद्दल बोलतो.

पण हाताच्या चित्रात काढलेल्याइतकंच न काढलेलंही महत्त्वाचं असतं. विटांची भिंत काढताना जाणकार चित्रकार कोपऱ्याशी, खिडकीखाली चार-सहा विटा काढतो आणि बाकी कागद कोरा सोडतो. डोळा भिंत पुरी करून घेतो. प्रत्येक वीट काढली तर भिंत गजबजते आणि दरवाजा हरवतो. १९९४ मध्ये विंकेनबाख आणि सेलेसिन यांनी संगणकाकडून पेन-शाईची इमारतचित्रं काढून घेतली, तेव्हा नेमका इथेच प्रश्न आला. विटांचे फटकारे, काचेतली प्रतिबिंबं, सावलीतल्या आडव्या-तिरप्या रेघा हे सगळं संगणकाने सांभाळलं. मात्र विटा कुठे दाखवायच्या हे माणसाने चित्रावर रेघा ओढून सांगायचं, अशी सोय त्यांनी ठेवली. त्या रेघांजवळ विटा गडद उमटत, आणि दूर जाता जाता विरळ होत कोऱ्या कागदात मिसळत.