ऑप-ॲम्पला मायनस सप्लाय लागतो हे आलं कुठून

डिप्लोमाला असताना ७४१ या ऑप-ॲम्पचं (ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप) पहिलं सर्किट ट्रेनर किटवर लावलं होतं, तिथे प्लस १२, मायनस १२ आणि मधलं ग्राउंड सगळं आयतं मिळायचं. मग घरी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तेच लावून बघितलं, पिन ७ बॅटरीच्या प्लसला, पिन ४ मायनसला, इनपुट शून्य, आणि आउटपुटला मीटर लावला तर चांगले दीड-दोन व्होल्ट! आयसी उडाला असं समजून तपकीर गल्लीतनं दुसरा आणला, तोही तेच दाखवतोय. दोन्ही आयसी ठणठणीत होते, चूक माझी होती.

आता ७४१ च्या आठ पिना नीट मोजा. दोन इनपुट, एक आउटपुट, दोन सप्लायच्या, दोन ऑफसेटच्या (आउटपुटची बारीक चूक शून्य करायला) आणि एक रिकामी. ग्राउंडची पिनच नाहीये! म्हणजे शून्य व्होल्ट कुठेय हे त्या चिपला कळायचा प्रश्नच येत नाही, तिला फक्त दोन सप्लायमधलं अंतर कळतं, तुम्ही प्लस-मायनस १५ द्या नाहीतर ० ते ३० द्या, तिच्या लेखी दोन्ही सारखंच. मग सगळ्या पुस्तकांत मायनस सप्लाय काढलेला का असतो?

कारण ही वस्तू मुळात गणितं करायला बनली. दुसऱ्या महायुद्धात बेल लॅब्जमध्ये कार्ल स्वार्ट्झेलने विमानविरोधी तोफांचा नेम धरणाऱ्या एम-९ यंत्रासाठी बेरीज करणारा ॲम्प्लिफायर केला, व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा), सप्लाय प्लस-मायनस ३५० व्होल्ट. हात लावायची सोय नाही. 'ऑपरेशनल ॲम्प्लिफायर' हे नाव १९४७ च्या रागाझिनी आणि मंडळींच्या पेपरमधून रूढ झालं, आणि त्यातलं ऑपरेशन म्हणजे बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन. ॲनालॉग कॉम्प्युटरमध्ये आकडा म्हणजेच व्होल्टेज, आणि आकडे ऋणही असतात, म्हणून व्होल्टेज शून्याच्या खाली जायलाच पाहिजे. इतकं साधं आहे ते. १९५० च्या दशकातला फिलब्रिक कंपनीचा के२-डब्ल्यू हा दोन व्हॉल्व्हचा प्लग-इन डबा प्लस-मायनस ३०० वर चालायचा आणि आउटपुट प्लस-मायनस ५० द्यायचा. पुढे ट्रान्झिस्टर आले, सिग्नल प्लस-मायनस १० वर उतरला, त्याला थोडी जागा ठेवून सप्लाय झाला प्लस-मायनस १५. बॉब विडलरने डिझाइन केलेली ७०९ (१९६५) आणि डेव्ह फुलागरची ७४१ (१९६८) या ऑप-ॲम्प चिपा याच वळणावर चालल्या. कॉम्प्युटर डिजिटल झाले, ॲनालॉगवाले अडगळीत गेले, पण मायनस १५ मात्र मागे राहिला.

बॅटरीवाल्यांनी यावर एक जुगाड काढला जो आजही चालतो. सप्लायच्या अर्ध्यावर खोटं ग्राउंड तयार करायचं, १० के चे दोन रेझिस्टर आणि मधल्या पॉइंटला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, झालं. १९७९ चा ट्यूब स्क्रीमर हा गिटार पेडल बघा, ९ व्होल्टची बॅटरी, ४५५८ हा ऑप-ॲम्प आयसी आणि ४.५ व्होल्टवर बसवलेला सिग्नल. ऑडिओला हे चालतं कारण सिग्नल कपॅसिटरमधून आत येतो आणि कपॅसिटरमधूनच बाहेर जातो, मधे तो कितीवर बसलाय याचं कुणाला काय. पण एलएम३५ या सेन्सरने तापमान मोजायचं असेल तर बोंब. २५ डिग्रीला तो २५० मिलीव्होल्ट देतो, आणि ७४१ च्या इनपुटला मायनस रेलच्या (खालच्या सप्लायच्या) वर साधारण दोन व्होल्ट तरी लागतात. माझं घोडं इथेच अडलं होतं.

हीच अडचण गाडीत होती. तिथे एकच बॅटरी आणि तिचं मायनस थेट चॅसिसला, मग उणे १५ आणणार कुठून? नॅशनल सेमीकंडक्टर या चिप कंपनीने आधी एलएम३९०० हा आयसी करून बघितला, तो व्होल्टेजऐवजी करंटची तुलना करतो, चालतो बरा पण डोकं फिरवतो. मग १९७२ ला थॉमस फ्रेडरिक्सन यांच्या टीमचा एलएम३२४ हा ऑप-ॲम्प आला आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. यात इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, एकावर एक असे दोन, आणि पीएनपीचा एमिटर हा पाय त्याच्या इनपुटपेक्षा ०.६ व्होल्ट वर असतो. इनपुट शून्यावर असलं तरी पहिल्याचा एमिटर ०.६ वर, दुसऱ्याचा १.२ वर, म्हणजे आतल्या सगळ्यांना श्वास घ्यायला जागा मिळते आणि इनपुट चक्क ग्राउंडला टेकवता येतं. याची किंमत वरच्या बाजूला मोजावी लागते, इनपुट वरच्या सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबवावं लागतं. ५ व्होल्टवर चालवताना हे विसरून आपटलेले लोक मी बघितलेत, त्यात मीही आहे.

आउटपुटही ग्राउंडपर्यंत येतं खरं, पण शेवटच्या अर्ध्या-पाऊण व्होल्टात खाली ओढायला आत फक्त ५० मायक्रोॲम्पचा करंट सोर्स असतो, बाहेरून थोडा जास्त करंट आत आला की आउटपुट तिथेच अडकतं. ऑडिओ टाकलात तर क्रॉसओव्हरची (आउटपुट वर ढकलणं सोडून खाली ओढायला लागतं तिथली) खरखर येते, त्यावर आउटपुटवरून ग्राउंडला एक रेझिस्टर लावायचा हा जुना उपाय.

नंतर बऱ्याच जणांनी हात मारला. आरसीए कंपनीने सीए३१३० मध्ये सीमॉस (दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं) आउटपुट घातलं, विडलरने एलएम१० असा केला की १.१ व्होल्टवर चालतो, म्हणजे एक सेल पुरे. मग मायक्रोकंट्रोलर आले, त्यांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ० ते ५ किंवा ० ते ३.३ व्होल्ट वाचणार, त्यामुळे रेल-टू-रेल, म्हणजे एका सप्लायपासून दुसऱ्यापर्यंत चालणाऱ्या, चिप सगळीकडे झाल्या. त्यातला एमसीपी६००२ स्वस्तात मिळतो आणि चांगला आहे, पण रेल-टू-रेल हे नाव जरा फुगवलेलंच, डेटाशीटमध्ये आउटपुट ग्राउंडच्या २५ मिलीव्होल्ट वर लिहिलंय. ज्यांना अगदी खराखुरा शून्य हवा त्यांच्यासाठी एलएम७७०५ नावाची वेगळी चिप मिळते, ती ५ व्होल्टातून मायनस ०.२३ व्होल्ट बनवून ऑप-ॲम्पच्या मायनस पिनला देते.