‘अध्यक्षांचं काम पसंत आहे का?’ : अमेरिकी मतचाचण्यांची पार्श्वभूमी

‘अमेरिकी अध्यक्षांची लोकप्रियता घसरली’ अशा धर्तीची बातमी मराठी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर अधूनमधून येतेच. त्यातला ‘लोकप्रियता’ हा शब्द दिशाभूल करतो. ज्या चाचणीवरून ती बातमी केलेली असते, तिच्यात बहुतेक वेळा लोकांना अध्यक्ष आवडतात का, हे विचारलेलंच नसतं. प्रश्न साधारण असा असतो: ‘अमुक अमुक अध्यक्ष म्हणून जी कामगिरी करत आहेत, ती तुम्हाला पसंत आहे की नापसंत?’ माणूस वेगळा, काम वेगळं. हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण त्यावर अमेरिकेत अध्यक्ष तरले आहेत आणि बुडालेही आहेत. त्यामुळे हा आकडा वाचताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. नेमकं काय विचारलं आणि नेमकं कोणाला विचारलं. त्यातही दुसरी गोष्ट जास्त अवघड, आणि या चाचण्यांचा जवळजवळ सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

सुरुवात 1824 सालची. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या एका वर्तमानपत्राने शेजारच्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात घेतलेला कौल छापला: अँड्र्यू जॅक्सन 335, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स 169, हेन्री क्ले 19, विल्यम क्रॉफर्ड 9. अशा कौलांना पुढे ‘स्ट्रॉ पोल’ म्हणू लागले. गवताची काडी हवेत सोडून वाऱ्याची दिशा बघायची, तसं. त्या वर्षी जॅक्सन यांना देशभरात सर्वांत जास्त मतं मिळालीही, पण कोणालाच बहुमत नसल्याने निर्णय प्रतिनिधीगृहात गेला आणि अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. लोकांचा कल मोजणं आणि निकाल सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच खेपेला दिसलं होतं.

पुढची शंभर वर्षं वर्तमानपत्रं असेच कौल घेत राहिली. त्यात सर्वांत मोठं नाव ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाचं. 1916 पासून 1932 पर्यंत सलग पाच निवडणुकांत त्यांनी विजेता बरोबर सांगितला होता. 1936 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासमोर कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ्रेड लँडन होते. डायजेस्टने तब्बल 1 कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले. 23 लाखांहून जास्त मतपत्रिका भरून परत आल्या. त्यांत लँडन यांना 12 लाख 93 हजार आणि रूझवेल्ट यांना 9 लाख 72 हजार मतं होती. प्रत्यक्ष निवडणुकीत रूझवेल्ट यांनी 60.8 टक्के मतं घेतली आणि 48 पैकी 46 राज्यं जिंकली. लँडन यांच्या पदरात फक्त मेन आणि व्हर्मांट पडली. दोन वर्षांत साप्ताहिक बंद झालं.

महामंदीच्या काळात फोन आणि मोटार बाळगणारे लोक खाऊनपिऊन सुखी होते, म्हणून यादीच मुळात झुकलेली होती, हे कारण सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. 1937 साली घेतलेल्या मुलाखतींचा 1988 मध्ये पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की मतपत्रिका ज्यांना मिळाल्या त्या सगळ्यांनी त्या परत पाठवल्या असत्या, तर विजेता बरोबर निघाला असता. जास्त नुकसान केलं ते उत्तरच न देणाऱ्यांनी. रूझवेल्ट यांच्यावर नाराज असलेले लोक पाकीट बंद करून टपालात टाकण्याची तसदी घेत होते, समाधानी लोक घेत नव्हते. ही जागा लक्षात ठेवावी, कारण आजची दुखरी नसही तीच आहे.

याच सुमारास आयोवा राज्यातून आलेल्या जॉर्ज गॅलप यांनी 1935 मध्ये न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे मतचाचण्या घेणारी आपली संस्था उघडली. डायजेस्टच्या मतपत्रिका निघण्याआधीच त्यांनी जाहीर केलं की डायजेस्ट लँडन यांना विजयी ठरवेल आणि ते चुकीचं ठरेल. डायजेस्टसारख्याच यादीतून त्यांनी फक्त 3,000 पोस्टकार्डं पाठवून पाहिली होती आणि त्यावरून डायजेस्टचा आकडा जवळपास अचूक सांगितला. नमुना कितीही मोठा असला तरी निवड वाकडी असेल तर उपयोग नाही, हे त्यांनी एका फटक्यात दाखवलं. अर्थात त्यांचं स्वतःचं भाकीतही नेमकं नव्हतं. रूझवेल्ट जिंकतील हे त्यांनी सांगितलं, पण मतांची टक्केवारी सुमारे 6 अंकांनी कमी धरली.

अध्यक्षांच्या कामगिरीचा प्रश्न गॅलप यांच्या संस्थेने 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात विचारायला घेतला. सुरुवातीला शब्दरचना बदलत असे. हॅरी ट्रुमन यांच्या काळापासून ती स्थिर झाली, आणि या आकड्याचं खरं मोल त्यातच आहे. शब्द बदलले की आकडे बदलतात, म्हणून एकच वाक्य दशकानुदशकं तसंच्या तसं विचारलं गेलं तरच ट्रुमन आणि ओबामा एका तक्त्यात शेजारी मांडता येतात. ट्रुमन यांनीच या तक्त्याची दोन्ही टोकं दाखवली: जून 1945 मध्ये 87 टक्के पसंती आणि कोरियन युद्ध रेंगाळल्यावर, फेब्रुवारी 1952 मध्ये, 22 टक्के.

मधल्या काळात 1948 ची अध्यक्षीय निवडणूक आली. गॅलप यांच्या शेवटच्या चाचणीत रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्युई 49.5 आणि ट्रुमन 44.5 टक्क्यांवर होते. मतमोजणीत ट्रुमन यांना 49.6 आणि ड्युई यांना 45.1 टक्के मिळाले. सेंट लुईच्या स्टेशनवर रेल्वेच्या डब्यातून ट्रुमन ‘ड्युईंनी ट्रुमनना हरवले’ असा मथळा छापलेलं शिकागोचं वर्तमानपत्र उंचावून दाखवताहेत, हे छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. चूक कशी झाली, हे त्याच सेंट लुई शहरात काम करणाऱ्या गॅलपच्या मुलाखतकाराला दिलेल्या कोट्यावरून समजतं. त्याने एकूण 13 जणांना भेटायचं: 6 उपनगरातले, 7 मुख्य शहरातले. पुरुष 7, बायका 6. सात पुरुषांपैकी 3 चाळिशीच्या आतले आणि 4 त्यावरचे. 1 कृष्णवर्णीय, 6 गोरे. त्या सहा गोऱ्यांपैकी एकाचं महिन्याचं घरभाडं 44.01 डॉलर किंवा जास्त, तिघांचं 18.01 ते 44 डॉलर आणि दोघांचं 18 डॉलर किंवा कमी. बायकांसाठीही असाच हिशोब.

वरकरणी यात उणं काहीच दिसत नाही. शहराची हुबेहूब छोटी प्रतिकृती. पण कोट्यात बसणारी नेमकी कोणती माणसं गाठायची, हे मुलाखतकारावर सोडलेलं होतं. आणि कोणीही जाईल तसा तोही सोप्या घरांकडे जाई. नीट रस्ता, दारावर नंबर, शांत वस्ती, बोलायला तयार माणूस. 18 डॉलर भाडं देणाऱ्यांतही जरा बरे राहणारे सापडत आणि असे लोक रिपब्लिकन पक्षाकडे थोडे जास्त झुकलेले असत. 1936, 1940 आणि 1944 मध्येही गॅलप यांनी रिपब्लिकनांना जास्तच धरलं होतं, पण रूझवेल्ट मोठ्या फरकाने जिंकत असल्याने ती चूक झाकली गेली. दुसरं कारण वेळेचं. दुसरे मोठे मतचाचणीकार एल्मो रोपर यांनी सप्टेंबरमध्येच निकाल ठरल्यासारखा आहे म्हणून चाचण्या थांबवल्या आणि गॅलप यांच्या मुलाखती ऑक्टोबर संपण्याआधी आटोपल्या. शेवटच्या दिवसांत मन ठरवणारे लोक कोणी मोजलेच नाहीत.

त्यानंतर निवडीचा अधिकार मुलाखतकाराच्या हातून काढून घेतला गेला. गल्ली, घर आणि घरातली व्यक्ती चिठ्ठी काढल्यासारखी ठरू लागली. हाच खरा शास्त्रीय टप्पा, आणि खर्चीकही. फोनने तो स्वस्त केला. 1940 मध्ये अमेरिकेतल्या साधारण 37 टक्के घरांत फोन होता, 1980 पर्यंत नव्वद टक्क्यांच्या वर गेला. पण छापील डिरेक्टरीत नाव न देणारी घरं बरीच होती, म्हणून नंबरच यदृच्छेने बनवायचे ठरलं. वॉरन मिटोफ्स्की आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी: दहा आकडी नंबरातले पहिले आठ आकडे घ्यायचे, शेवटचे दोन यदृच्छेने लावायचे आणि फोन करायचा. घर लागलं तर त्याच शंभराच्या गटातले आणखी नंबर फिरवायचे. दुकान किंवा बंद नंबर लागला तर तो गट सोडून द्यायचा. फोन उचलणाऱ्यालाच प्रश्न विचारायचे नाहीत, हेही महत्त्वाचं, कारण घरात फोन उचलणारी व्यक्ती बहुधा तीच ती असते. ‘घरातल्या प्रौढांपैकी सर्वांत अलीकडे कोणाचा वाढदिवस झाला?’ असं विचारून त्या व्यक्तीला बोलवायचं. पटकन, कुणाला न दुखवता चिठ्ठी काढण्याची ही युक्ती आजही वापरात आहे.

आकड्यांच्या चढउतारांचं एक कोडं 1970 मध्ये राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी मांडलं. परकीय संकट आलं की लोक अध्यक्षांमागे उभे राहतात, मग संकट हाताळण्यात अध्यक्ष कमी का पडले असेनात. 1961 मध्ये क्यूबातली ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम सपशेल फसली, तरी केनेडी यांची पसंती 83 टक्क्यांवर गेली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याआधी धाकटे बुश 51 टक्क्यांवर होते, दोन आठवड्यांच्या आत 90 वर पोचले. ही उसळी टिकत नाही. थोरले बुश आखाती युद्धानंतर 89 टक्क्यांवर होते, पुढच्या वर्षी उन्हाळ्यात 29 वर आले आणि निवडणूक हरले. म्हणून संकटाच्या आठवड्यातला आकडा पाहून कोणाचं भवितव्य सांगू नये.

माणूस आणि काम यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो क्लिंटन यांच्या वेळी. डिसेंबर 1998 मध्ये प्रतिनिधीगृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला, त्याच दिवसांत कामगिरीला पसंती 73 टक्के, त्यांच्या कारकिर्दीतली सर्वोच्च. प्रामाणिकपणाबद्दल वेगळं विचारलं की मात्र बहुतेक लोक नाही म्हणत. अर्थव्यवस्था चांगली चालली होती आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हा आकडा ‘लोकप्रियता’ म्हणून छापला तर अर्थच उलटा होतो.

शासनावरच्या विश्वासाचा प्रश्न आणखी वेगळा. वॉशिंग्टनमधलं सरकार नेहमी किंवा बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं वाटतं का, हे 1958 पासून विचारलं जातं. तेव्हा 73 टक्के हो म्हणाले होते. व्हिएतनाम, वॉटरगेट आणि महागाई यांतून जाता जाता 1980 च्या सुमारास हे प्रमाण चारात एक इतकं खाली आलं. 2001 च्या हल्ल्यानंतर थोडा काळ अर्ध्यावर गेलं आणि पुन्हा पडलं. अध्यक्ष बदलले तरी हा आकडा फारसा हलत नाही. उलट कामगिरीचा आकडा आता पक्षाच्या रंगात पूर्ण बुडाला आहे. आयझेनहॉवर रिपब्लिकन, पण डेमोक्रॅट मतदारांपैकी जवळपास निम्मे त्यांच्या कामावर समाधानी असत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत डेमोक्रॅटांमधली पसंती सरासरी दहा टक्क्यांच्या आत राहिली आणि एकूण आकडा गॅलपच्या चाचण्यांत 34 ते 49 या पट्ट्यातच फिरला. ट्रुमन यांच्यासारखी 65 अंकांची घसरण आता होणं जवळपास अशक्य आहे, कारण अर्ध्या लोकांचं उत्तर शपथविधीआधीच ठरलेलं असतं.

आता पुन्हा त्या दुखऱ्या नसेकडे. प्यू संशोधन केंद्राच्या फोन चाचण्यांत 1997 मध्ये गाठायच्या लोकांपैकी 36 टक्के बोलत. 2018 मध्ये 6 टक्के. म्हणजे 1,000 जणांची उत्तरं मिळवायला सोळा-सतरा हजार जणांच्या मागे लागायचं. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. म्हणून अनेक संस्थांनी टपाल खात्याच्या पत्त्यांच्या यादीतून घरं निवडून, पाकिटात थोडे पैसे घालून, लोकांना कायमच्या गटात सामील करून घेण्याची वाट धरली. उत्तरं ऑनलाइन घ्यायची. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना प्यूने टॅबलेट दिले.

जे बोलतात ते न बोलणाऱ्यांसारखे नसतात, म्हणून उत्तरांना वजन द्यावं लागतं. वय, लिंग, वंश, प्रदेश यांचं प्रमाण जनगणनेशी जुळवायचं. 2016 मध्ये अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणाचं प्रमाण जुळवलंच नव्हतं. पदवीधर जास्त उत्तरं देतात आणि त्या वर्षी ते हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला जास्त होते. देशपातळीवरच्या चाचण्या फारशा चुकल्या नाहीत. हिलरी क्लिंटन यांना एकूण मतांत 2.1 अंकांची आघाडी मिळालीच. पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून 80,000 हून कमी मतांनी गेली. 2020 मध्ये बहुतेकांनी शिक्षण जुळवलं, तरी देशपातळीवरच्या चाचण्या आघाडीच्या हिशोबात सरासरी 4.5 अंकांनी चुकल्या. ही चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक होती. वय आणि शिक्षण जुळवता येतं. ज्यांचा संस्थांवर विश्वास नाही आणि म्हणूनच जे फोन उचलत नाहीत, त्यांचं प्रमाण कोणत्याही जनगणनेत नोंदलेलं नसतं.

बातमी वाचताना काय पाहायचं, ते यातूनच ठरतं. 1,000 जणांच्या चाचणीत आकडा साधारण 3 अंक वर किंवा खाली चुकू शकतो, वजन दिल्यावर ही मर्यादा थोडी वाढतेच. त्यामुळे 44 वरून 42 ही घसरण म्हणता येत नाही. तीन-चार वेगवेगळ्या चाचण्या एकाच दिशेने सरकल्या तर म्हणावी. उत्तर देणारे सगळे प्रौढ होते, नोंदणीकृत मतदार होते की मतदान करण्याची शक्यता असलेले, हे तपासावं, कारण 2016 मध्ये पात्र लोकांपैकी साधारण 60 टक्क्यांनीच मतदान केलं होतं. आणि ‘भारतीय वंशाच्या अमेरिकनांचं मत बदललं’ असं सर्वसाधारण चाचणीवरून कोणी सांगितलं, तर तिथे थांबावं. हे लोक देशाच्या लोकसंख्येत साधारण दीड टक्का आहेत. हजारात पंधरा. त्यांतली मराठी घरं तर एखाद्या चाचणीत एकही नसतील. या समाजाचं मत जाणून घ्यायचं तर त्याच्यासाठी वेगळा, मोठा नमुना घ्यावा लागतो आणि पंधरा माणसांवरून काढलेला टक्का कितीही ठळक अक्षरांत छापला तरी तो पंधरा माणसांचाच असतो.