साठवण साधनाचा संपर्क तुटणे : कर्नलमधील हाताळणी

संगणक चालू असताना डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कपलीकडची साठवण एकाएकी हाकेला ओ देईनाशी झाली, तर हातातल्या वाचन-लेखनाचे कर्नलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याने) काय करायचे, याविषयीचे नियम व यंत्रणा या विषयात येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः लिनक्सला धरून आहे.

संपर्क दोन तऱ्हांनी तुटतो आणि पुढचे सारे या भेदावर ठरते. पहिल्या तऱ्हेत कर्नलला वर्दी मिळते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात याचा नमुना सहज दिसतो. दापोलीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो साडेतीन इंची बाह्य डिस्कवर उतरत असतात. लॅपटॉप बॅटरीवर, डिस्क मात्र भिंतीवरच्या प्लगमधल्या अडॅप्टरवर. लाइट जाते, डिस्कची घरघर खाली बसत जाते, लॅपटॉप चालूच राहतो. यूएसबी हबला पलीकडे कोणी नसल्याचे लगेच कळते. कर्नल साधन काढून टाकतो आणि अडकलेल्या मागण्या चूक म्हणून परत करतो. दहा सेकंदांनी लाइट आली, की तीच डिस्क बहुधा एसडीबीऐवजी एसडीसी म्हणून हजर होते, कारण जुने नाव माउंटने (डिस्क फाइलींच्या रचनेला जोडणाऱ्या दुव्याने) अजून धरून ठेवलेले असते. यूयूआयडीने, म्हणजे डिस्कवरच्या कायम ओळख-क्रमांकाने, माउंट केल्यास नावांचा हा घोळ टळतो. पण मेलेला माउंट त्याने जिवंत होत नाही, तो आधी सोडवावाच लागतो.

दुसऱ्या तऱ्हेत वर्दी नसते, नुसती शांतता असते. साधन गेले, की उत्तराला उशीर होतो आहे, हे कर्नलला आतून ओळखता येत नाही. मग किती थांबायचे?

उत्तर येईपर्यंत थांबून राहण्याच्या प्रथेचे मूळ दोन ठिकाणी दाखवले जाते. एक मत ते सन कंपनीच्या एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत), म्हणजे १९८०च्या दशकाच्या मध्यास, पाहते. तेथे ‘हार्ड’ माउंट सर्व्हर परत येईपर्यंत अनिश्चित काळ मागणी पुन्हापुन्हा पाठवतो. दुसरे मत त्यामागे जाते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) झोपताना, म्हणजे कशाची वाट पाहत थांबताना, अग्रक्रमाचा आकडा देत असे. तो ऋण असेल तर सिग्नल (प्रक्रियेला थांबवण्यासारखी सूचना) तिला उठवू शकत नसे. डिस्कसाठी थांबणारी प्रक्रिया याच वर्गात होती. डिस्क त्याच कपाटात असे, उत्तर क्षणार्धात येई, तेव्हा हे गृहीतक रास्त होते. आजच्या लिनक्समधील ‘डी’ अवस्था, म्हणजे सिग्नलने न मोडणारी झोप, याच गृहीतकाची वारस दिसते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एनएफएसने त्याच झोपेला अंत नसलेली मुदत दिली, इतकेच. २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ ने मारता येण्याजोगी झोप आणली, तरी जुन्या वाटा सगळ्या बदलल्या नाहीत. ‘डी’ अवस्थेत प्रक्रिया १२० सेकंद अडकली, की कर्नल नोंदवहीत इशारा लिहितो.

स्कझी थरात (डिस्कला आज्ञा पोचवणाऱ्या कर्नलच्या भागात) डिस्कच्या आज्ञेला सामान्यतः ३० सेकंदांची मुदत असते. ती संपल्यावर आधी ती एक आज्ञा रद्द करून पाहतात; न जमल्यास साधन, मग लक्ष्य (साधन ज्यात आहे तो पलीकडचा घटक), मग बस (सामाईक वाहिनी), शेवटी होस्ट अडॅप्टर (संगणकाकडचे जोडणी-कार्ड) रीसेट होतो, आणि तरीही दाद न मिळाल्यास साधन ऑफलाइन ठरते. नेटवर्कवरील साठवणीला जास्त सवलत मिळते : ओपन-आयस्कझी (नेटवर्कवरून स्कझी आज्ञा पाठवणारे सॉफ्टवेअर) मूळ मांडणीत सत्र परत जुळण्यासाठी १२० सेकंद थांबते, नेटवर्कवरील एनव्हीएमई (वेगवान साठवणीची आज्ञा-पद्धत) दर १० सेकंदांनी प्रयत्न करत ६०० सेकंदांनी नाद सोडते.

वरच्या थराची गोष्ट अधिक नाजूक आहे. लिहिलेला मजकूर आधी मेमरीत राहतो व साधारण ३० सेकंद जुना झाल्यावर डिस्ककडे निघतो. म्हणून प्रत करण्याची पट्टी पूर्ण भरली, याचा अर्थ फोटो डिस्कवर पोचले असा होत नाही. जर्नल (फाइल प्रणालीची बदलांची नोंद) लिहिता आले नाही तर एक्स्ट४ ही फाइल प्रणाली फक्त-वाचन होते, एक्सएफएस ही दुसरी स्वतःला बंद करते. दोन्ही वर्तने योग्यच आहेत. खरा दोष २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या चर्चेतून ठळक झाला : लिहिणे फसल्यावर लिनक्स ते पान (मेमरीतला मजकुराचा तुकडा) ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर पोचलेले, मानत असे, आणि एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचवण्याची विनंती) पुन्हा मागितल्यास यश कळवत असे. मजकूर मात्र डिस्कवर नसे. लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीने (२०१७) चूक कळवण्याची रीत सुधारली होती, पण गेलेले पान त्याने परत येत नाही. फेब्रुवारी २०१९ पासून पोस्टग्रेसक्यूएल अशा वेळी मूळ मांडणीत थेट थांबते व बदलांच्या स्वतःच्या नोंदीवरून (लॉग) पुन्हा उभे राहते. साधन गेल्याचे दुःख झेलता येते. लिहिले गेल्याची खोटी ग्वाही झेलता येत नाही.

किनारपट्टीवर या मुदतींना मर्यादा आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले. तिथे ६०० सेकंदांचा हिशेब लागू पडत नाही. रोजचा त्रास वेगळा आहे. खाऱ्या दमट हवेने यूएसबीचे टोक गंजते, संपर्क क्षणभर सुटतो आणि जुळतो, आणि नोंदवहीत ‘रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ ही एकच ओळ पुन्हापुन्हा उमटत जाते. ती दिसली, तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.