अर्थसंकल्पात निधी मंजूर, मग काम कुठे आहे? माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहावा

विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच मुंबईच्या नाक्यानाक्यावर फलक लागतात. अमुक रुग्णालयाच्या इमारतीसाठी इतके कोटी मंजूर, तमुक पुलासाठी तितके. वर्ष सरते, काम काही सुरू होत नाही, आणि मग कोणीतरी माहिती अधिकारात अर्ज टाकतो: "मंजूर निधीचे काय झाले?" महिन्याभराने उत्तर येते की माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही, किंवा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. अर्जदाराला वाटते की लपवाछपवी चालली आहे. तीही असते. पण परत आलेल्या बहुतेक अर्जांत एकच उणीव सापडते: फलकावरचा "मंजूर" हा शब्द कोणत्या टप्प्याचा आहे हे न तपासताच अर्ज लिहिलेला असतो.

"मंजूर" म्हणजे नेमके काय

अधिवेशनाच्या सुरुवातीलाच चालू वर्षाच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ तरतुदीखेरीज लागणाऱ्या पैशाच्या मागण्या, मांडल्या जातात. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प त्यानंतर काही दिवसांनी येतो. २०२५ मध्ये अधिवेशन ३ मार्चला सुरू झाले आणि २०२५-२६चा अर्थसंकल्प १० मार्चला सादर झाला. पहिल्या आठवड्यातला फलक त्यामुळे बहुधा पुरवणी मागणीचा असतो, आणि अर्जदार मात्र तो नव्या अर्थसंकल्पाचा समजून चुकीच्या वर्षाचे कागद मागतो.

अर्थसंकल्प सादर झाला म्हणजे पैसे मिळाले असेही नाही. आधी अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे विभागांनी मागितलेल्या रकमांवर, विधानसभेत मतदान होते. विधान परिषदेत अर्थसंकल्पावर चर्चा होते, मागण्यांवर मतदान होत नाही. मग विनियोजन विधेयक मंजूर होते, आणि त्यानंतरच राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढण्याचा अधिकार शासनाला मिळतो. तिथून पुढे वित्त विभाग बीम्स या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवरून निधी टप्प्याटप्प्याने सोडतो, तोही बहुतेक वेळा पूर्ण तरतुदीइतका नसतो. शिवाय कामाला प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला शासनाची संमती), तांत्रिक मान्यता (अभियंत्यांची संमती), निविदा आणि कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश) लागतात, ते वेगळेच. यातल्या कुठल्याही टप्प्यावर अडकलेल्या कामाला लोकप्रतिनिधी "मंजूर" म्हणू शकतो, आणि ते शब्दशः खोटे ठरत नाही.

अर्थसंकल्पाची पुस्तके वित्त विभागाच्या संकेतस्थळावर असतात. अर्ज लिहिण्याआधी तिथले आपल्या कामाचे पान उघडून पाहा. वर मागणी क्रमांक असतो, त्याखाली चार आकडी मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या क्षेत्रातला हे सांगणारा क्रमांक. २२१० म्हणजे सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च, ४२१० म्हणजे त्याच क्षेत्रातला भांडवली खर्च, ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च. नवी इमारत किंवा नवा पूल भांडवली शीर्षाखाली सापडेल, औषधे आणि पगार महसुली शीर्षाखाली. ओळीसमोर मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. या पुस्तकांत आकडे हजार रुपयांत असतात हे विसरू नका. पुरवणी मागणीत तुमच्या कामासमोर नुसता "१" दिसला तर ते एक कोटी नव्हेत, एक हजार रुपये आहेत. यालाच लाक्षणिक मागणी म्हणतात. कामाला किंवा बाबीला सभागृहाची संमती घेऊन ठेवायची असते, खर्चाचे पैसे इतरत्र झालेल्या बचतीतून वळवायचे असतात. फलकावरचे कोटी आणि पुस्तकातला हा एकाचा आकडा यांत इथेच अंतर पडते. त्या पानाची छापील प्रत जवळ ठेवा, अर्जातला निम्मा मजकूर तिच्यावरूनच लिहिता येतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांची यादी वेगळी निघते. तिला सगळे व्हाईट बुक म्हणतात. काम त्यात असेल तर त्याचा अनुक्रमांक अर्जात जरूर लिहा.

निवडणुकीच्या वर्षी आणखी एक घोळ होतो. २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला. एका वर्षाची दोन पुस्तके असली की अर्जात कोणते ते स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर अधिकारी सोयीचे पुस्तक उघडून "तरतूद आढळून येत नाही" असे कळवून मोकळा होतो.

कार्यालय कोणते

मुंबईत इथेच सर्वांत जास्त अर्ज वाया जातात. जे. जे., सेंट जॉर्ज, जी. टी. आणि कामा ही रुग्णालये राज्य शासनाची. केईएम, सायन, नायर आणि कूपर महापालिकेची. दुसऱ्या यादीतल्या रुग्णालयासाठी राज्याच्या अर्थसंकल्पाचे पान मागितले तर काहीच हाती लागणार नाही, कारण महापालिकेचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो आणि तो फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सादर होतो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, काही प्रकल्प एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचे, काही राज्य रस्ते विकास महामंडळाचे. रेल्वे आणि बंदराची जमीन केंद्राकडे. आमदार निधीतले किंवा जिल्हा वार्षिक योजनेतले काम असेल तर कागद जिल्हा नियोजन कार्यालयात असतात, आणि मुंबईत जिल्हे दोन आहेत: शहर आणि उपनगर. वांद्र्याच्या कामाचा अर्ज फोर्टात टाकून उपयोग नाही.

चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे बंधनकारक आहे. अर्ज हस्तांतरित करण्याऐवजी तो परत करणे हे कायद्याला धरून नाही, आणि तसे उत्तर आले तर अपिलात पहिला मुद्दा तोच घ्या. पण हस्तांतर झाले तरी आठवडे जातात, तेव्हा मुळात नेमके कार्यालय गाठलेले बरे.

मंत्रालयातील एकाच विभागात प्रत्येक कार्यासनाचा (ठरावीक विषय पाहणाऱ्या शाखेचा) जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, वेगळा असतो. तुमचे कार्यासन कोणते हे शासन निर्णयावरून कळते. त्याच्या क्रमांकात "प्र.क्र." आणि आकडा झाल्यावर शेवटच्या तिरक्या रेघेपुढे जे लिहिलेले असते, ते कार्यासनाचे नाव. तेवढे पत्त्यात लिहिले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा वाचतो.

अर्ज कोण करू शकतो, काय जोडायचे

अर्जदार भारतीय नागरिक असावा, बस. कारण सांगावे लागत नाही. पण नागरिक म्हणजे व्यक्ती. गृहनिर्माण संस्था, चाळ कमिटी किंवा मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. एका सभासदाने स्वतःच्या नावाने आणि घरच्या पत्त्यावर करावा.

नमुना राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र 'अ'चा. शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणे सर्वांत बिनधोक. घरात पडलेले रेव्हेन्यू तिकीट चालत नाही, तरी अनेक जण ते लावतात. शुल्कमाफी फक्त दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला आहे, आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो. केशरी शिधापत्रिका हा तो पुरावा नव्हे. तो दाखला हाताशी नसेल तर कृपया दहा रुपये भरा. दहा रुपये वाचवण्याच्या वादात महिना गेलेले अर्ज थोडे नाहीत. ऑनलाइन करायचा असेल तर राज्याचे माहिती अधिकार पोर्टल आहे. कागदावर केला तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच सांभाळा, किंवा हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

दीडशे शब्द, एक विषय

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून मर्यादा आहे: अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा. रुग्णालय, शाळा आणि रस्ता असे तिन्ही एका अर्जात घातले की एकाचेच उत्तर येते. तीन अर्ज करा.

"काम का झाले नाही", "जबाबदार कोण", "निधी कधी देणार" हे प्रश्न लिहू नका. रास्त आहेत, मनात तेच असतात, पण कायद्याने मिळते ती अभिलेखावर असलेली माहिती. अधिकाऱ्याने नवे स्पष्टीकरण तयार करून द्यावे अशी सक्ती नाही. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. असे:

"विषय: अमुक शासकीय रुग्णालय, मुंबई, नवीन इमारत, सन २०२५-२६.
१. सदर कामासाठी सन २०२५-२६ मध्ये अर्थसंकल्पित रक्कम, मागणी क्रमांक व संपूर्ण लेखाशीर्ष दर्शविणाऱ्या पानाची प्रत.
२. प्रशासकीय मान्यतेच्या शासन निर्णयाची प्रत.
३. दि. १ एप्रिल २०२५ पासून अर्जाच्या दिनांकापर्यंत या कामासाठी निधी वितरित केल्याच्या आदेशांच्या प्रती.
४. निधी समर्पित अथवा पुनर्विनियोजित केला असल्यास त्या आदेशाची प्रत."

चौथा मुद्दा सोडू नका. समर्पित म्हणजे न वापरता परत केलेला निधी, पुनर्विनियोजित म्हणजे दुसऱ्या बाबीकडे वळवलेला. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि त्याआधी पैसे दुसरीकडे वळवले असतील तर "का" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्याच आदेशात लिहिलेले असते.

"या वर्षीचा अर्थसंकल्प" हे शब्द मार्चमध्ये कधीही वापरू नका. मार्चमध्ये एक आर्थिक वर्ष संपत असते आणि पुढच्याचा अर्थसंकल्प सभागृहात असतो. अधिकारी यातले कोणतेही वर्ष धरू शकतो. "सन २०२५-२६" असेच लिहा.

मुदतीचा हिशेब

उत्तराची मुदत ३० दिवस. ती अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून मोजतात, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे. अधिवेशन चालू असताना अर्ज करून आमदाराच्या हाती कागद द्यायचा बेत म्हणूनच फसतो. २०२५ चे अधिवेशन ३ मार्चला सुरू होऊन २६ मार्चला संपले. पहिल्या दिवशी अर्ज पोहोचला असता तरी मुदत २ एप्रिलला संपली असती. सभागृहात प्रश्न यावा असे वाटत असेल तर अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला गेला पाहिजे.

दुसरा फटका प्रतींच्या शुल्काचा. पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरा असे पत्र कार्यालयाकडून येते. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत. पत्र घरी पडून राहिले तर उशीर तुमच्या खात्यावर जातो. आणि ३० दिवस उलटून गेल्यावर कार्यालय शुल्क मागू लागले, तर कलम ७(६) दाखवा. मुदत चुकल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते.

समित्यांचे कागद

लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती या विधिमंडळाच्या समित्यांच्या बैठकांत काय झाले, सचिवांनी साक्षीत काय सांगितले, हे विचारणारे अर्ज नामंजूर होतातच. अहवाल सभागृहाच्या पटलावर येण्याआधी, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर होण्याआधी, समितीचे कामकाज उघड करणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो आणि कलम ८(१)(ग) ती माहिती वगळते. अहवाल पटलावर आला की तो सार्वजनिक होतो. मग अहवालाचा क्रमांक आणि शिफारशीचा परिच्छेद देऊन संबंधित विभागाकडे त्या शिफारशीवर केलेल्या कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती मागा. हा अर्ज नाकारणे अवघड असते.

कागद हाती आले आणि दाद हवी असेल तर विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीचा मार्ग आहे. तो माहिती अधिकाराहून वेगळा. विनंती अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा, भाषा संयमित ठेवायची, शेवटी नेमकी मागणी एका वाक्यात मांडायची, आणि तो सभागृहाच्या सदस्यामार्फत सादर करायचा. विषय न्यायप्रविष्ट असेल तर तो स्वीकारला जात नाही.

उत्तर आले नाही, किंवा अपुरे आले

"माहिती व्यापक स्वरूपाची आहे" आणि "अभिलेख आढळून येत नाही" ही दोन वाक्ये वाचून लोक हार मानतात. मानू नका. प्रथम अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे. उत्तरच आले नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. म्हणजे अर्ज पोहोचल्यापासून साठाव्या दिवसाच्या आत. "अजून वाट पाहू" म्हणत तीन महिने काढणाऱ्यांचे अपील मुदतबाह्य ठरते आणि मग विलंबाचे कारण देत बसावे लागते.

प्रथम अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो. त्याने ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील, जोडपत्र 'क', शुल्क पुन्हा २० रुपये. सोबत मूळ अर्ज, पोच, आलेले उत्तर, प्रथम अपील आणि त्यावरील आदेश यांच्या प्रती लागतात. पोच नसली तर इथे सगळेच अडते. आयोगाची सुनावणी लागायला वेळ जातो. तोवर एप्रिल येऊन नवे आर्थिक वर्ष सुरू झाले असेल तर नव्या वर्षाच्या तरतुदीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो, दहा रुपयांच्या नव्या स्टॅम्पसह.