बांध नसलेलं शिवार: लॅक्स्टन गावाची पार्श्वभूमी

नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्स्टन हे एक लहानसं गाव. सेंट मायकेलचं जुनं चर्च, एक पब, उत्तरेला नॉर्मन गढीचं टेकाड. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या मोजदादीत, गावाचं नाव सापडतं. एवढ्यावर थांबलं तर अशी गावं इंग्लंडात पैशाला पासरी. लॅक्स्टनचं वेगळेपण शिवारात आहे. इथली तीन मोठी रानं, म्हणजे वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, आजही कुंपणाशिवाय, पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात.

पूर्वी मध्य इंग्लंडात बहुतेक गावांची शेती अशीच होती. शेतकऱ्याची जमीन सलग नसे, पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असत. त्यामुळे चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येई. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, आणि दरवर्षी हा क्रम एक घर पुढे. पट्ट्याचं माप नांगरावरून पडलं. भारी चिकणमातीत जड नांगर वळवणं जिकिरीचं, म्हणून तास (नांगराची एक चाकोरी) लांब आणि वळणं कमी. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा म्हणजे बरोबर एक एकर. आपल्या सातबाऱ्यावर बसलेला एकर तो हाच. ११ यार्डांच्या चौरसाचा गुंठा धरला तर लांबीत २० आणि रुंदीत २, असे ४० गुंठे त्यात चोख बसतात.

पट्ट्यांमध्ये बांध नाही, म्हटल्यावर कोरायला बांधही नाही. पण शेजाऱ्याकडे एक तास जास्त मारायचा मोह सुटलेला नाही. कुणी सामाईक रस्त्यावर नांगर घालतो, कुणी ‘साइक’ खातो. साइक म्हणजे ओघळीकाठच्या गवताच्या पट्ट्या. त्या नांगरायच्या नाहीत. यावरचा इलाज म्हणजे ‘कोर्ट लीट’, गावाचं स्वतःचं जुनं कोर्ट. नोव्हेंबरअखेर पंच मंडळी गहू पेरलेल्या रानात फिरतात, हद्दी बघतात, जिथे शंका असेल तिथे खुंटी ठोकतात, तुंबलेले चर टिपून घेतात. चर तुंबला की चिकणमातीत पाणी साचतं आणि नुकसान शेजाऱ्याचंही होतं. आठवडाभराने गावच्या पबमध्ये कोर्ट भरतं, दंड लागतात आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात. दंड किरकोळच असतो, पण चारचौघांत नाव वाचलं जातं ते जास्त झोंबतं. मोकाट गुरं कोंडवाड्यात घालणारा ‘पिंडर’ही याच कोर्टाचा माणूस. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढले, त्यातून लॅक्स्टनला खास वगळलं.

गावाचा सर्वांत मोलाचा कागद १६३५ चा. तेव्हाचे जमीनमालक सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने पट्टान् पट्टा दाखवणारा नकाशा काढला. त्यात नांगरणारी, कापणी करणारी माणसंसुद्धा रेखाटली आहेत. नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात ईस्ट फील्ड नावाचं चौथं रानही दिसतं. ते पुढे कुंपणात गेलं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून गावोगावची मोकळी रानं एकेका मालकाच्या कुंपणात घातली. लॅक्स्टन वाचलं ते परंपरेच्या प्रेमापोटी नव्हे. इथे दोन बडे जमीनदार होते, मॅनव्हर्स आणि स्कारबरो घराण्यांचे अर्ल. त्यांचं जमलं नाही, शिवाय कुंपण घालणं खर्चाचं काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स इस्टेटीने लहान पट्टे जोडून मोठे केले. आज दिसतात ते हे मोठे पट्टे, मध्ययुगीन नव्हेत.

१९५२ मध्ये ही जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाने घेतली आणि १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेली. २०२० मध्ये ती थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच वारसदारांनी, परत विकत घेतली. पंचांची नोव्हेंबरातली फेरी मालक बदलले तरी चालूच राहिली.